सुकेळ्यांचा वास

प्रिय स्टेफी,

दार लावून वाच. आईने विचारलं तर सांग, फिलोने इथे कुठले कपडे चालतात ते कळवलंय. तेवढ्याने तिचं समाधान होईल. आमच्या चर्चच्या कॉयरमधल्या एक बाई सुट्टीवर वसईला निघाल्यात, त्यांच्या हाती हे देतेय. फोन असताना हिला पत्राचं काय वेड लागलं, असं म्हणशील. पण तुझा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो आणि माझा ऑल्विनच्या. दुपारी आमचं दाताचं क्लिनिक बंद असतं, बाहेर आमच्या बिन महमूद भागातला रस्ता उन्हाने ओस पडलाय आणि मी रिसेप्शनच्या टेबलावर लिहीत बसलेय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, घाईत लिहितेय.

तुझा व्हिसा आला त्या दिवशी मी इथल्या बाथरूममध्ये जाऊन रडले, आनंदाने. आपल्या घरातली पहिली नर्स, आणि तीही माझ्याच शहरात! ऑल्विनलाही काय उत्साह आला म्हणून सांगू. किती किलो सामान चालतं, हातातली बॅग वेगळी असते का, सगळं त्याने स्वतः तुला फोन करून विचारलं. ती मोठी निळी बॅगही त्यानेच कुणाबरोबर तरी पाठवली. तू व्हिडिओवर बॅगेत बसून दाखवलंस तेव्हा आम्ही किती हसलो. लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्या वाढदिवसाला साधी पर्स न आणणारा माणूस मेव्हणीला बॅग पाठवतो, म्हणून मी त्याला चिडवलंही.

आता जे तुला ठाऊक नाही ते सांगते. ऑल्विनने सिगरेट सोडली, हे मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती त्याने व्हेप ओढून सोडली, हे सांगितलं नाही. पेनासारखं यंत्र असतं, त्यात फ्लेवरचं पाणी भरायचं आणि वाफ ओढायची. ते विकणं, आणणं इथे चालत नाही, आपल्याकडेही नाही. त्यामुळे हा ते पाणी घरीच करायला लागला, इकडून तिकडून बाटल्या मागवून. केळ्याचा फ्लेवर, जळक्या साखरेचा, आणि थोडासा धुराचा. एक दिवस त्याने झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलं आणि स्टेफी, मी थेट आपल्या अंगणात पोचले. अगदी सुकेळी! राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधलेली, मधासारखी चिकट. मला खोटं बोलता येत नाही, मला ते फार आवडलं. त्याचा खोकला गेला, तो रात्रीचा शांत झोपायला लागला, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

मग ऑफिसातल्या मजीदने चव घेतली, मग मजीदच्या मित्रांनी. अल रय्यान भागातल्या त्या ऑफिसात हा सगळ्यांच्या फायली लावतो, पण त्याचं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं. आणि आता लोक विचारायला लागले, ऑल्विनभाई, वो सुकेलीवाला है क्या? मागणी वाढली तशी ह्याची धांदल. लहान बाटलीत थेंब मोजून टाकायचा ते मोठ्या बाटलीत त्याच पटीने टाकले, तर केळ्याला नेलपॉलिशचा वास यायला लागला आणि धूर इतका चढला की जणू चुलीवर दूध लागलंय. पुढच्या लॉटला धूर कमी केला, तर नुसतं गोड पाणी. मजीदने बाटल्या परत आणल्या. ऑल्विन दोन्ही हातांत डोकं धरून मोरीत बसला होता, आणि मला त्याची दया आली.

तुला आठवतं ना, उन्हाळ्यात आई वर्षाचा मसाला करायची? मिरच्या दुप्पट घेतल्या तरी लवंग दुप्पट घ्यायची नाही. म्हणायची, तिखटाला माप चालतं, उग्र वस्तूला नाक लागतं. तू शिंकत शिंकत अंगणाबाहेर पळायचीस आणि मी तिथेच बसून वास घ्यायचे. तेच मी ह्याला सांगितलं. थेंब सोड, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा पडतो, वजनाचा काटा आण. धूर पटीने वाढवू नकोस, थोडा थोडा वाढवून बघ. केल्याकेल्या चव ठरवू नकोस, मसाला मुरतो तसं हेही काळोखात मुरू दे. आणि सगळ्यात मोठी अक्कल मीच पाजळली. दर वेळी पहिल्यापासून मिसळतोस म्हणून दर वेळी चव बदलते, म्हटलं. आई दर आठवड्याला मसाला कुटते का? नुसत्या फ्लेवरचं मिश्रण एकदाच मोठं करून ठेव आणि वर्षभर त्यातलंच घाल. त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला. खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटला.

चव जमली आणि माझी झोप उडाली. मोरीतल्या कपाटात बाटल्या मुरत ठेवलेल्या, आणि वास काही केल्या कोंडून राहीना. एका शुक्रवारी शेजारची हिबा दारात उभी. कॉरिडॉरमध्ये रोज इतका छान वास कसला येतो, विचारत होती. मी तोंड उघडायच्या आत आमची धाकटी ओरडली, इट्स डॅडीज बनाना ज्यूस! हिबा हसली आणि म्हणाली, मग मला नाही का देणार? मी तिला सोफ्यावर बसवून घरातली होती नव्हती ती केळी मिक्सरला लावली, ग्लास भरून दिला आणि ती पिईपर्यंत मोरीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. ती भली बाई आहे, पुढच्या वेळी मुलालाही आणते म्हणाली. ती गेल्यावर मी ऑल्विनला म्हटलं, बस कर आता. तो म्हणाला, खलास, हा शेवटचा लॉट.

त्या शेवटच्या लॉटच्या बाटल्या बाजीराव घेऊन गेला. बाजीराव म्हणजे साताऱ्याकडचा ड्रायव्हर, आमच्याकडे दर ख्रिसमसला न चुकता यायचा, धाकटीला खांद्यावर घेऊन नाचायचा. कामगारांच्या कॅम्पात अचानक खोल्या तपासल्या आणि त्याच्या गादीखाली बाटल्या सापडल्या. कुणी दिल्या ते त्याने सांगितलं नाही. नोकरी गेली, त्याला परत पाठवलं. जायच्या आधी त्याने मला फोन केला, ऑल्विनला नाही. वहिनी, साहेबांना म्हणावं काळजी करू नका, माझं आता जे व्हायचं ते झालं. त्याची बायको गावाला माझ्याच वयाची आहे, स्टेफी.

मला वाटलं होतं, आता ऑल्विन सुधारेल. त्याने घरात उरलेल्या बाटल्या ओतून टाकल्या, मोरी घासली, मिस्साला पहिल्या बाकावर बसला. पण परवा शुक्रवारी (इथे सुट्टी आणि मिस्सा शुक्रवारीच असते) चर्चच्या पार्किंगमध्ये तो गाडीच्या आडोशाला फोनवर बोलत होता आणि मी धाकटीला शोधत मागून आले. त्याचा आवाज मला नीट ऐकू आला. पलीकडे त्याचा चुलतभाऊ सबॅस्टियन होता. माझीच युक्ती तो त्याला समजावून सांगत होता: मिश्रण एकदाच, मोठं, आणि ते मुंबईतच करून घ्यायचं. इथे बाटल्या मागवण्यात धोका आहे, म्हणाला, आता माणसाच्या हातूनच यायला हवं.

स्टेफी, तो माणूस तू आहेस. तू निघायच्या आदल्या दिवशी सबॅस्टियन सुकेळ्यांचं पार्सल घेऊन घरी येईल, पानात बांधलेलं, वर वाखाचा दोरा. खाली बाटल्या असतील. वास आला तरी सुकेळ्यांचाच येईल, कुणाला संशय नको. आणि ऑल्विन हसत काय म्हणाला ते मी तुला मुद्दाम जसंच्या तसं सांगते, म्हणजे तुला त्याची दया येणार नाही: नवी नर्स, गळ्यात क्रॉस, तिची बॅग कोण उघडतंय? आपल्या गल्लीतून परदेशी निघालेल्या माणसाने कुणाचं पार्सल परत पाठवलंय असं कधी झालं नाही, आणि आत काय आहे हे विचारणं तर अपमानच. मीसुद्धा येताना पाच घरांची लोणची न उघडता आणली होती. तू नाही म्हण. वजनाची सबब सांगू नकोस, तो बॅगेतले तुझे कपडे कमी करायला लावेल. सरळ सगळ्यांसमोर सांग, फिलोने नको म्हटलंय. माझंच नाव घे. भांडण माझ्या दारात येऊ दे, मी इथे तयार आहे. आईने तुझ्यासमोर भरलेल्या मसाल्याशिवाय काहीही आणू नकोस. आणि ती निळी बॅग घरीच ठेव. तिचं अस्तर मी बघितलेलं नाही. आईची जुनी बॅग चालेल, चेन तुटली असेल तर दोरी बांध, मी एअरपोर्टवर तुला लांबूनच ओळखेन.

तुझीच,
फिलो