मेमसाहेबांचं कल्चर

भाद्रपद शुद्ध पंचमी, ब्रह्मा घाट

आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचा दाणा आज आम्ही बायका तोंडात घालत नाही. गच्चीवर हातानं लावलेलं अळू, भोपळा, एवढंच उकडून खायचं. आणि नेमक्या आजच मेमसाहेबांनी इंग्रजीचा धडा संपल्यावर माझ्या हातावर बिस्किट ठेवलं! गव्हाचं. नांगराशिवाय गहू येतो का?

म्हटलं, "आज नको, उद्या खाते." तर हसल्या. "असल्या खुळांमुळेच तुमच्या घरांत कल्चर शिरत नाही. हे खाल्लंस तरच पुढचा धडा."

त्या गेल्या. बिस्किट कोनाड्यात ठेवलं, पण ते सारखं डोळ्यांपुढे.

हे शाळेत शिकवून घरी आल्यावर विचारलं, कल्चर म्हणजे काय हो? यांनी इंग्रजी कोश काढला. सुधारणा, शिक्षण, संस्कार... आणि सगळ्यात जुना अर्थ? जमीन कसणं! मी हसतच सुटले. म्हणजे बाईंचं सगळं कल्चर निघालं नांगराच्या फाळातून, आणि तो ओढणाऱ्याची वर्षातून एक दिवस आठवण ठेवतो म्हणून आम्ही अडाणी?

"आता धडे बंद होतील," हे म्हणाले. होऊ देत. कोश घरात आहे, डोळे मला आहेत.

बिस्किट घेऊन खाली उतरले. गल्लीत नेहमीचा सांड वाट अडवून बसलेला. त्यानं नांगर ओढला नसेल, पण त्याच्या भावांनी तर ओढलाय. जीभ फिरली, बिस्किट गायब.

बाईंनी विचारलं तर सांगीन, खाल्लं. ज्याच्या कष्टाचं, त्यानं.