मुदतवाढ

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. बाबांचा डावा हात अजून उचलला जात नाही. तरी रोज दुकानात शिलाईच्या मशीनशेजारी बसतात आणि माझा टाका मोठा पडतो म्हणून माझं डोकं खातात.

परवा तुझा सैनिकी प्रबोधिनीतला खोलीसोबती कोटाची बाही कमी करून घ्यायला आला. पोट सुटलंय, मी ओळखलंच नाही. सैन्य सोडून त्याला बरीच वर्षं झाली म्हणे. तुम्हाला कसं सोडलं, आमच्या दादाला तर सोडत नाहीत, असं मी सहज म्हटलं. तो हसायलाच लागला. प्रबोधिनीत शिकवल्याच्या बदल्यातली नोकरीची पाच वर्षं भरली की माणूस मोकळा. पुढचं मोठं प्रशिक्षण घेतलं तरच नवी मुदत चढते, आणि तिथे कुणाला ढकलत नाहीत. ज्याला हवं तो स्वतः अर्ज करतो. तू दोनदा केलास.

दोनदा! आणि आम्हाला कळवलंस काय, तर वरून हुकूम आला, माझा नाइलाज आहे. नाइलाज म्हणे! बाबांनी आणि मी तुझ्या खांद्यांवर तारे लावले, तेव्हा त्या मैदानावरच ठरलं होतं ना? पाच वर्षं घर आणि दुकान मी बघायचं, मग तू यायचंस आणि मी जायचं. जहाजाच्या कारखान्यातली आराखडे काढायची नोकरी मी दोनदा नाकारली, ती त्या शब्दावर. आणि आमचा बावळटपणा बघ. त्या प्रशिक्षणाला तुझी निवड झाल्याचं बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे आणि मी मागे उभी राहून हसायचे. शिक्षा माझी वाढत होती आणि टाळ्याही मीच वाजवत होते.

तुला ती नोकरी आवडते, हे सरळ सांगितलं असतंस तर मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, पण मार्ग काढला असता. तू मात्र हुकमाच्या आड लपलास. सैन्याला दिलेला शब्द सहीचा होता, तो पाळलास. मला दिलेला नुसता तोंडी होता, त्यामुळे तो गेला बाराच्या भावात. राग येतोय दादा, इतका की काल एका पँटचा एक पाय आखूड शिवला.

कारखान्याने तिसऱ्यांदा विचारलंय. सोमवारी मी रुजू होतेय. सैन्याने तुला दिलेल्या घरात वडिलांना ठेवता येतं, हेही तुझ्या मित्रानेच सांगितलं. म्हणून हे पत्र टपालाने पाठवलं नाही. ते बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून तुझ्या हातात आलंय, आणि तोच मित्र त्यांना गाडीतून सोडायला आलाय. बाबा अजून दारातच उभे असतील, तर आधी त्यांच्या हातातली पिशवी घे. तुझ्या अर्जांचं त्यांना मी सांगितलेलं नाही. ते तू सांग. तूच बोलावलंस असं समजून ते खुशीत आलेत. वरून हुकूम आलाय, असं सांगितलं मी त्यांना.

तुझीच,
चिंगी