चाकाखालचे ठोकळे

२ जुलै, बुधवार

आज एकाच्या नरड्यावर पाय दिला असता. नाही दिला, म्हणून हे लिहितोय.

बायकोची, मर्लची, अटच आहे — हात शिवशिवायला लागले की पेन उचल, नेव्ह. माणूस नको, कागद बडव. बारा वर्षांपूर्वी मी तिचं मनगट मोडलं, त्या आठवड्यातली अट. पुन्हा कुणावर हात उचललास तर मी बनबरीला लेकीकडे जाणार, आणि आणायला येऊ नकोस. कुणावर म्हणजे कुणावरही. तीस वर्षं कत्तलखान्यात काढलेला माणूस मी. तरी बारा वर्षं पाळली.

तर दुपारी आमच्या तळावर मोटारीमागे जोडलेली एक लांबलचक कॅराव्हॅन आली, चाकांवरचं घरच. वेड किलगोर, त्याची बायको टॅम्सिन आणि मागे दोन कुत्रे. या किनाऱ्यावर कुत्र्यांना मनाई आहे, तशी पाटी माणसाएवढी आहे. मी केशरी जाकीट चढवून पुढे झालो, हातवारे करत व्हॅन मागे घ्यायला लावली. डावीकडे — अजून — बास. चौदा नंबरची जागा उताराची, खाली खडक, मग समुद्र. मोटार सोडवली तशी व्हॅन वीतभर घसरली. म्हटलं, हँडब्रेक ओढ बाबा.

"केबल तुटून दोन वर्षं झाली," म्हणतो. "ठोकळे लाव की. त्यासाठीच ठेवलंय ना तुला इथे?"

आम्हाला कुणी ठेवलेलं नाही. आम्ही स्वयंसेवक आहोत. जागा फुकट, पगार शून्य, संडास धुवायचे, आल्यागेल्याला जागेवर लावून द्यायचं. तरी वाकलो. दोन पिवळे ठोकळे मीच चाकांखाली लावले, टाचेनं ठोकून घट्ट केले. कुत्र्यांचं बोललो तर छातीला छाती भिडवून उभा राहिला. तोंडाला सकाळच्याच बियरचा वास. टॅम्सिन खाली मान घालून दोरी गुंडाळत होती, ती गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होती.

३ जुलै, गुरुवार

रेंजर बेथ येऊन गेली. दर गुरुवारी येते, एरवी इथे आम्हीच. फोन लागत नाही. आमच्या व्हॅनमध्ये उपग्रहाचा एक आहे, तोही लहरी.

"नेव्ह, तुमच्या हातात दोनच गोष्टी," म्हणाली, "पेन आणि बादली. भांडायचं नाही. गाडीचा नंबर टिपायचा आणि मला सांगायचं."

तिनं वेडला कुत्र्यांवरून नोटीस दिली. तो "हो मॅडम, उद्याच पाठवतो मॅडम" करत होता. तिची गाडी टेकडीपलीकडे गेली आणि कुत्रे व्हॅनखालून बाहेर.

५ जुलै, शनिवार

माती खाल्ली. खुर्चीला हात लावला.

या किनाऱ्यावर जागा अडवायची रीत एकच. मोटार घेऊन बाहेर जायचं असेल तर जागेत खुर्ची मांडून जायचं. खुर्ची आहे म्हणजे माणूस आहे. मग ती तीन पायांची का असेना, कुणी शिवत नाही. मी स्वतः वीस जणांना हे शिकवलंय. पण या वेडनं पंधरा आणि सोळा नंबरात खुर्च्या टाकून ठेवल्यात, येणाऱ्या दोस्तांसाठी. तीन दिवस झाले, दोस्तांचा पत्ता नाही. सकाळी एक कुटुंब चार पोरांसकट आलं, सुट्ट्यांचे दिवस, कुठेच जागा नाही. मी पंधरातली खुर्ची मिटली आणि वेडच्या व्हॅनला टेकवून ठेवली.

मर्ल म्हणाली, "बेथची वाट बघायची होतीस." बरोबर होतं तिचं. म्हणून जास्त राग आला.

६ जुलै, रविवार

सकाळी मर्ल आधी उठली, चहासाठी पाणी आणायला सपाता घालून बाहेर गेली आणि पायरीवरच थांबली. "नेव्ह, शूज घालून ये," एवढंच म्हणाली.

वेडनं त्याच्या संडासाची टाकी आमच्या दारात ओतली होती. पायरीवर, मर्लच्या खुर्चीवर, तिच्या त्या एकुलत्या टोमॅटोच्या रोपावर. निळं औषध आणि बाकी सगळं. मासे सोलायचा सुरा कधी उचलला मला कळलं नाही. मर्लनं बाही धरली. "लिही," म्हणाली.

आधी धुतलं. चौदा बादल्या पाणी लागलं. तो समोर कॉफी पीत बसला होता. "काय म्हाताऱ्या, तुझंच काम ना हे?"

आता लिहितोय. लिहून काही शांत वाटत नाही, कुणी सांगितलं वाटतं म्हणून?

९ जुलै

त्याच्या कुत्र्यानं कांगारूचं पिल्लू फाडलं. अर्धवट. वेड मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढत होता. फावड्यानं मी पिल्लू संपवलं, एका घावात. हाताला अजून सगळं येतं. हे मर्लला सांगितलेलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी पाचला सगळे आपापली खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन कड्यावर देवमासे बघायला जमतात. तीन नंबरातला ओसी, एकटा म्हातारा, जुने विनोद सांगतो. आज त्याच्या एका विनोदावर टॅम्सिन हसली. आल्यापासून पहिल्यांदा. वेडनं तिला दंड धरून उठवलं आणि ओढत नेलं. खुर्ची पायात अडकली तरी थांबला नाही. मग व्हॅनमधून आवाज. व्हॅनच्या भिंती पुठ्ठ्याच्या. एक, मग एक, मग भांडं पडल्याचा.

नऊ माणसं होती कड्यावर. सगळे ग्लासात बघत होते.

मी उठलो. मर्लनं गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तू गेलास तर तिथे दोन मारकुटे होतील, नेव्ह. त्या बाईला एकही नकोय."

दोन! बारा वर्षं झाली, तरी मोजताना मला धरतेच.

१३ जुलै, रविवार

वेड मासे मारायला गेला की मर्ल चहा घेऊन चौदा नंबरात जाते. तास तास बसते. काय बोलता, विचारलं.

"तुला सांगितलं तर तू काहीतरी करशील."

म्हटलं, पोलिसांना फोन लाव मग. तर म्हणे टॅम्सिन नको म्हणते. पोलीस येतात, पोलीस जातात, ती मागे राहते. बरगड्या दुखतायत तिच्या, खोकतासुद्धा येत नाही. मला सांगितलं ते एवढंच. बाकी दोघींचं काय ते दोघींत.

१६ जुलै, बुधवार

डावीकडचा दात गेला.

मी संडासांच्या मागे पाण्याची टाकी बघत होतो. वेड आला. "तुझी म्हातारी माझ्या बायकोचे कान भरते," म्हणाला, आणि ठोसा. मी दोन्ही हात खिशात घातले. खरोखर घातले. दुसरा ठोसा ओठावर. हात खिशात. तोंडातलं रक्त त्याच्या बुटावर थुंकलो, तेवढं केलं. तिसरा पोटात. पडलो तरी हात खिशातच, म्हणून हनुवटी फुटली. त्यानं काहीतरी शिवी दिली आणि गेला. उलटून मारणाऱ्याला मारण्यात मजा असते, माझ्यासारख्यात त्याला ती सापडली नसावी.

ओसीनं लांबून सगळं पाहिलं. त्यानंच मर्लला सांगितलं.

तिनं गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी माझ्या तोंडावर धरली. दुसऱ्या हातानं हनुवटी पुसली. मग म्हणाली, "बारा वर्षांत आज पहिल्यांदा मला तुझी भीती वाटली नाही."

म्हणजे काल वाटत होती. परवा वाटत होती. शेजारी झोपताना रोज वाटत होती. मी बाहेर जाऊन रडलो. ओठ फाटलेला असला की रडायलाही दुखतं.

१७ जुलै, गुरुवार

बेथ आली नाही. फोनवर म्हणाली, दक्षिणेला होडी उलटलीय, सगळे तिकडे. सोमवारी पोलीस घेऊन येते. सोमवार! वेडनं जाता जाता आमच्या मोटारीच्या आरशाला लाथ घातली. आरसा गेला. मी वाकून काचा गोळा केल्या, तो शिट्टी वाजवत उभा.

१८ जुलै, शुक्रवार, सकाळ

आज फेडलं. आणि हात लावला नाही.

दहाच्या सुमारास संडास धूत होतो. वेडची मोटार होड्यांच्या उताराकडे गेली, मागे कुत्रे. काचा काळ्या, पण दोघंही गेले असणार, कालपासून तो तिला एकटीला सोडत नाही. मर्ल ओसीकडे असेल, सकाळी तिकडेच निघाली होती. आसपास कुणी नाही, पोरंटोरं सगळी पाण्यावर.

चौदा नंबरात गेलो. बादली हातातच होती. डावा ठोकळा दोन लाथांत निघाला, मीच घट्ट बसवलेला ना. उजवा एका लाथेत. व्हॅन क्षणभर तशीच उभी राहिली, मला वाटलं खोटं बोलला की काय हा केबलबद्दल. मग हलली. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. बघितलं नाही. पत्र्याचा आवाज ऐकला, खडकावरचा, दोनदा, मग काचांचा.

माणसाला हात लावलेला नाही. अट मोडलेली नाही. त्याचं घर समुद्रात, आता चालता हो म्हणावं. आनंद झालाय, खोटं कशाला लिहू.

खाली लोक धावतायत. ओसी मला हाका मारतोय. जातो, तोंड पाडून उभा राहतो.

२० जुलै, रविवार

मर्ल आत होती.

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. विमानानं आणलं तिला. मांडीचं हाड दोन ठिकाणी, कंबरेचं हाड, पुढचे सगळे दात. फ्रीज अंगावर आला. पाणी आत शिरायच्या आधी ओसी आणि त्या चार पोरांच्या बापानं तिला खिडकीतून काढलं.

दोघींचं ठरलं होतं. वेड मासे मारायला गेला की टॅम्सिननं ओसीच्या व्हॅनमध्ये जायचं आणि ओसीनं तिला गावात पोचवायचं. टॅम्सिन ओसीकडे पोचलीसुद्धा. पण बरगड्यांमुळे तिला पिशवी उचलेना, म्हणून तिची कागदपत्रं आणि औषधं आणायला मर्ल परत गेली. मला सांगितलं नाही. सांगितलं तर मी काहीतरी करेन म्हणून.

वेडला धरलंय. टॅम्सिननं सगळा जबाब दिला. ब्रेक तुटका, उतारावर व्हॅन, शिवाय पळून जाणारी बायको आत असेल समजून निघताना त्यानंच ठोकळे काढले असणार, असं पोलिसांना वाटतं. तो बोंबलतोय की मी नाही काढले. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? पोलिसानं मला विचारलं, ठोकळे कुणी लावले होते? म्हटलं, मी. घट्ट होते? म्हटलं, घट्ट होते. त्यानं माझ्या फुटक्या ओठाकडे बघून खांद्यावर हात ठेवला. "फार सोसलंत तुम्ही."

खरं काय ते फक्त या वहीत आहे.

२३ जुलै, बुधवार

मर्ल बोलली. दात नाहीत, शब्द ओले येतात. पहिलं काय विचारलं तर, "त्याला मारलं नाहीस ना?"

"नाही."

"हात खिशात?"

"खिशात."

हसली. तोंड तसं असताना हसली. मग म्हणाली, "वही आण उद्या. वाचायचीय मला. इथे दिवस जात नाही."

रात्रभर वही मांडीवर घेऊन बसलो. अठरा आणि वीस तारखेची पानं फाडायला घेतली. अठराच्या पाठीवर सोळा-सतरा तारीख आहे, मर्लचं ते वाक्य त्यातच. एक फाडलं की दुसरं जातं. एवढं एकच वाक्य कमावलं मी बारा वर्षांत. फाडवेना.

सकाळ झाली. तशीच नेतोय.

२५ जुलै, शुक्रवार

मी मर्ल लिहितेय. दोनदा वाचलं. हात उचलला नाहीस हे खरं आहे. लाथ घातलीस. दुपारी पोलीस येतील, वही त्यांना देणार आहे. इथून सोडलं की टॅम्सिन मला बनबरीला नेईल. आणायला येऊ नकोस. सोळा तारखेचं माझं वाक्य मी खोडलंय.