पक्षीमहाराज, हनुवटी जरा खाली

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. कंबर धरल्यामुळे कालपासून पालथा पडलोय आणि तसाच लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.) ताईचे गुडघे काय म्हणतात? तुमचा खोकला गेला का? इकडचं विचारूच नका. तसे तुम्ही विचारणार नाहीतच, म्हणून मीच आपणहून सांगतो.

भाऊजी, मी हरलो. स्टुडिओ बंद केला तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, "रिकामा बसून झुरू नकोस, माझ्यासारखे पक्ष्यांचे फोटो काढ." वर स्वतःची ती जुनी लांबलचक लेन्सही दिलीत. तुमचा हेतू चांगला होता यात शंका नाही, पण त्या लेन्सने माझी जेवढी शोभा केली तेवढी माझ्या शत्रूनेही केली नसती. बरं, नुसता छंद असता तर मी कधीच हात टेकले असते. पण इथे प्रश्न हिचा आहे. जिन्यावरून पडून पाय मोडल्यापासून ही मागच्या खोलीत खिडकीशी पडून असते. मागच्या मोकळ्या जागेतल्या झुडपांत रोज सकाळी कुणीतरी पक्षी शीळ घालतो. (फोनवर तुम्हाला ऐकवली होती तीच. पिवळं पोट, काळी टोपी, असं तुम्ही तेव्हा सांगितलंत.) एक दिवस ही म्हणाली, "कसा दिसत असेल हो तो?" झालं! मी छाती फुगवून म्हणालो, "एवढंच ना? फोटो काढून दाखवतो." अख्ख्या गावाला स्टुलावर बसवून ज्याने पासपोर्टचे फोटो काढले, त्याला एक वीतभर पाखरू जड जाणार होतं का?

जड गेलं. का, ते सांगायचीही लाज वाटते. जन्मभर मी एकाच पद्धतीने फोटो काढला. "हनुवटी जरा खाली, डोळे इकडे, हलू नका... रेडी!" हे म्हटल्याशिवाय माझं बोट बटणावर उतरतच नाही. तोंड दाबून पाहिलं, रुमाल कोंबून पाहिला. बोट लाकडासारखं ताठ. आणि तोंड उघडलं की पक्षी पसार. आजवर मी हलणाऱ्या फांद्यांचे इतके सुंदर फोटो काढलेत, की फांद्यांचं प्रदर्शन कुठे असेल तर कळवा. एकदा एकाची शेपटी आली होती. मी ती हौसेने हिला दाखवली. ती बराच वेळ बघून म्हणाली, "पान छान आलंय."

मग तुमच्याच सांगण्यावरून इथल्या पक्षीवाल्यांच्या मंडळात गेलो. ही सगळी मंडळी मातकट कपडे घालून, एकमेकांच्या कानात बोलत, चोरासारखी चालतात. (मी पहिल्या दिवशी स्टुडिओतला पांढरा शर्ट घालून गेलो, तेव्हा म्होरक्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बँड घेऊन आलोय.) तळ्याकाठी चिखलात आम्ही सगळे ओळीने पालथे पडलो. अंगाला मुंग्या आल्या, डासांनी सोलून काढलं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी एक लांब चोचीचा पाहुणा पाण्याशी उतरला. म्हणे कित्येक वर्षांत इकडे फिरकलाच नव्हता. सगळ्यांचे श्वास थांबले. आणि त्या शांततेत भाऊजी, माझ्याच तोंडून, चांगलं खणखणीत, "हनुवटी जरा खाली... रेडी!"

पक्षी तर गेलाच. पण सगळेच्या सगळे एकदम माझ्याकडे वळले आणि त्याच क्षणी माझ्याकडून बटण दाबलं गेलं. काय फोटो आलाय म्हणून सांगू! एकेक चेहरा स्वच्छ, दोन्ही कान दिसताहेत, कुणाचाही डोळा मिटलेला नाही. आयुष्यात इतका चांगला ग्रुप फोटो मला जमला नव्हता. मी भाबडेपणाने प्रत्येकाला एकेक प्रत पाठवली. उत्तरादाखल म्होरक्याचा निरोप आला, की आपण यापुढे आला नाहीत तर मंडळ आभारी राहील.

मग ठरवलं, गेले उडत ते सगळे, घरामागेच बसू. झुडपात पाहिलं तर पानांच्या गर्दीत डोकं कुठलं नि शेपूट कुठलं काही कळेना. मला लागते मागे पांढरी भिंत. म्हणून घरातली चादर नेली आणि झुडपामागे चार कोपरे ताणून बांधली. पक्षी आला नाही. पलीकडच्या इमारतीचा रखवालदार आला. "काका, इथे कपडे वाळत घालायचे नाहीत." मी म्हटलं, अरे बाबा, हे पक्ष्यासाठी आहे. त्याने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम मवाळ आवाजात विचारलं, "काका, घरी कुणी आहे का? सोडून येऊ का तुम्हाला?" त्या गडबडीत गाठ सोडायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. त्यानेच धरून घरी आणलं. चादरीवर मात्र पक्षी येऊन गेल्याची खूण होती, म्हणजे माझी पाठ वळताच तो आला होता.

हसू नका भाऊजी. रात्री छताकडे बघता येत नाही म्हणून उशीकडे बघत मी हाच विचार करतो, की मला जगात एकच काम येत होतं. लोकांना ते नकोसं झालं, दुकान बंद झालं, तेही गिळलं. पण घरच्या बाईने एक फोटो मागितला आणि तोही मला काढता येऊ नये? ती कुरकुरतही नाही. मी रिकाम्या हाताने आलो की "उद्या मिळेल हो" म्हणते. ते मला जास्त लागतं. तुमची लेन्स पुसून ठेवली आहे, कुणी येणारं असेल तर नेऊ दे. मी आता या भानगडीत पडणार नाही.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
पालथा मेहुणा

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्याकडे त्या काळ्या टोपीवाल्याचे ढीगभर फोटो आहेत. त्यातला एक, फार चांगला नको, जरा हललेला, गुपचूप पाठवा. मीच काढला म्हणून हिला दाखवतो. खोटं बोलतोय हे कळतंय मला, पण तिला आता आणखी वाट बघायला लावणं माझ्याच्याने होत नाही. ताईला सांगू नका.

आणखी ता. क. : भाऊजी, नमस्कार. हे अक्षर माझं. ह्यांची कंबर आज सुटली. जाताना मला पाकीट चिकटवायला सांगून गेले, आणि न वाचता चिकटवायची मला सवय नाही. कृपा करून फोटो पाठवू नका आणि लेन्सही मागू नका. तो पक्षी रोज येतो. ह्यांची पाठ वळली की खिडकीच्या कट्ट्यावर बसून माझ्या बिस्किटाचा चुरा खातो. मोबाइलमध्ये त्याचे पोटभर फोटो काढून झालेत माझे. पण दुकान बंद झाल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून बसायचे, पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. हल्ली चिखलाने माखून, साऱ्या जगाला शिव्या घालत येतात आणि दोनदा भात मागून घेतात. फोटो मिळाला तर उद्या कशासाठी उठतील? तुम्ही उलट लिहा, की तो पक्षी फार अवघड, भल्याभल्यांना मिळत नाही. आत्ताही खाली आहेत, आमच्याकडे पाठ करून चादर बांधताहेत. तो इथे माझ्याजवळ बसलाय. आम्ही दोघं ह्यांच्याकडेच बघतोय.