भेंडीचा गूळ आणि अकरा शुभेच्छुक

कोल्हापूर,
रविवार

तीर्थस्वरूप केरबामामांच्या चरणी प्रियदर्शनीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामीनं दिलेलं तेल लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवून बरं वाटतंय म्हणता? आम्ही सगळे मजेत. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि गुऱ्हाळावर भोवती चार माणसं, म्हणून तुमच्या यशराजच्याच हाती हे पाठवतेय. (त्यानं वाटेत फोडलं असेल तर दोन रट्टे द्या.)

आधी आनंदाची बातमी. सुटले, मामा! परिषदेत माझं पोस्टर लागलं, परीक्षकांनी बघितलं, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते नसतं तर प्रबंध जमा करता आला नसता आणि मुदत तर या महिनाअखेर संपतेय. कसलीही रासायनिक पावडर न टाकता, नुसता भेंडीचा चिकट रस घालून गूळ पिवळाधमक होतो, हे तुमच्या गुऱ्हाळावर चार हंगाम खपून मी सिद्ध केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. काल प्रमाणपत्र हातात आल्यावर मी विभागाच्या जिन्यात बसून चक्क रडले.

आता हे कसं घडलं ते ऐका. आधी गोषवारा पाठवायचा असतो, म्हणजे सगळं संशोधन अडीचशे शब्दांत. मी लिहिले अकराशे. त्यात तुमची काहील, चुलवाणाची आच, पिराजी गुळव्याची तंबाखू, सगळं होतं. माझ्या मार्गदर्शक भैरवी मॅडम (बाई मोठ्या हुशार, पण हातात लाल पेन आलं की माणुसकी विसरतात) यांनी तंबाखू काढली, आच काढली आणि शेवटी तुम्हालाही काढलं. 'केरबा ज्ञानू खोत' खोडून 'स्थानिक उत्पादक' केलं. मी भांडले, पण तिथं एक शब्द वाचत होता.

गोषवारा पसंत पडला आणि मी पोस्टर छापायला राजवीरकडे दिलं. हा आमच्या गल्लीतला डिजिटल बोर्डवाला. वाढदिवस असो, निवड असो, नाहीतर कुणाची म्हैस स्पर्धेत पहिली येवो, बोर्ड त्याचाच. मी फाईल दिली, तीन बाय चार फूट सांगितलं आणि पोस्टरपुढं काय बोलायचं ते पाठ करत बसले. परिषदेच्या सकाळी तो टेम्पो घेऊन थेट सभागृहाच्या दारात हजर! दहा बाय आठ फूट! डावीकडे गॉगल घातलेली मी (यशराजच्या लग्नातला फोटो), वर सोनेरी अक्षरांत 'गुळाची शान, गल्लीचा अभिमान', खाली गोल चौकटींत अकरा शुभेच्छुक. माझा आलेख पाकिटावरच्या तिकिटाएवढा, आणि संदर्भांच्या जागी आमचं तरुण मंडळ.

मी ओरडले, तर तो म्हणतो, "ताई, नुसतं पांढऱ्यावर काळं हुतं की वो! कोन बघनार? आपल्या गल्लीतली पोरगी डाक्टर हुतीया, आन् शुभेच्छुक नकोत व्हय?" अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

दुसरं छापायला वेळ नव्हता. स्टँडवर ते मावेना, म्हणून आम्ही दोघांनी खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलं. मॅडम आल्या, बघितलं आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. मग परीक्षक आले. साठीचे, कडक. बाकीची पोस्टरं नाकाला लावून वाचत होते, माझ्यापुढं मात्र लांबच थबकले. एकेक शुभेच्छुक न्याहाळला. संपलं, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "ही मंडळी कोण?" मी म्हणाले, "सर, यांनी गूळ चाखून गुण दिलेत." (खोटं नाही. गेल्या वर्षी मी गल्लीत चवीचे कागद वाटलेच होते.) ते हसले. म्हणाले, चव बघणाऱ्यांचे चेहरे आजवर कुणी दाखवले नव्हते. मग वाकून तिकिटाएवढा आलेख भिंगातून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

मामा, चार वर्षांत काल पहिल्यांदा मी पोटभर जेवले. आई सारखी म्हणतेय, "माझ्या भावाच्या गुळानं पोरगी तरली." खरंच आहे ते. मामीला नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची लाडकी भाची,
प्रियदर्शनी

ता. क. शुभेच्छुकांत तुम्ही नव्हता याचं मनाला लागलं. राजवीरकडे तुमचा फोटोच नव्हता. एक पाठवून द्या.

आणखी एक. परीक्षकांना गुळाचा रंग फार आवडला. इतका, की नुसत्या भेंडीनं एवढा पिवळा गूळ तीस वर्षांत पाहिला नाही म्हणाले. येत्या गुरुवारी काहील उकळताना बघायला ते स्वतः तुमच्याकडे येताहेत. नमुन्याचा एक खडाही तपासायला घेऊन गेलेत.

शेवटचं, आणि खरं तर याचसाठी हे पत्र. पहिल्या हंगामात गूळ काळपट आला तेव्हा मी तुमच्या ओट्यावर बसून रडले होते. पुढच्याच आठवड्यापासून तो पिवळा यायला लागला. भेंडीचं प्रमाण साधलं, असं मी धरून चालले. पण मामा, भाचीनं रडू नये म्हणून माझ्या पाठीमागं तुम्ही चिमूटभर पावडर तर टाकत नव्हता ना? रागावणार नाही, आईलाही सांगणार नाही. चिठ्ठीवर नुसतं व्हय किंवा न्हाय लिहून बुधवारच्या आत यशराजजवळ द्या. तोवर प्रबंध बांधायला देत नाही.