प्रतीक्षा यादीतला बाप

३ जून
ठकूच्या ॲडमिशनचं पत्र आलं. मोठं आर्किटेक्चर कॉलेज. लिहितात, आपली गुणवत्ता निर्विवाद आहे, तथापि आपण प्रतीक्षा यादीत चौदाव्या क्रमांकावर आहात. निर्विवाद आहे तर ‘तथापि’ कशाला? एकुलती एक लेक, गाल फुगवून बसली. हिचंही तोंड उतरलं. मी मात्र शांत. घरात कुणीतरी डोकं ताळ्यावर ठेवायला हवं.
संकल्प: कॉलेजची वेबसाइट दिवसातून दोनदाच पाहायची.

४ जून
एकोणीस वेळा पाहिली. पण उभ्याउभ्या पाहिली, त्यामुळे धरत नाही.
खरं तर रांगेबद्दल मला कुणी शिकवायला नको. पाणीपुरवठा ऑफिसात खिडकी क्रमांक पाचवर सव्वीस वर्षं टोकन पुकारतोय. दहातले तीन कंटाळून घरी जातात, एक चुकीच्या ऑफिसात आलेला असतो. माझा नियम जगजाहीर आहे: तीन हाका, मग पुढचा. चौथी हाक मी आयुष्यात मारली नाही. मागून कितीही गयावया करा.
हाच हिशेब कॉलेजला लावून एक्सेल शीट केली. १८ जूनपर्यंत ठकू आत.

७ जून
खिडकी तीनवरच्या सहकाऱ्याच्या मुलाला त्याच कॉलेजात थेट ॲडमिशन. मार्क बहात्तर. ठकूला एक्क्याण्णव. निवड कशी करतात विचारलं तर म्हणाला, सर्वांगीण विचार करतात म्हणे. मी मनापासून अभिनंदन केलं. मग त्याच्याकडे चार वर्षं पडून असलेला माझा स्टेपलर परत मागितला. दोन्हींचा काही संबंध नाही.
संध्याकाळी ठकू कुठल्याशा छोट्या कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन आली. बाबा, जरा बघता का, म्हणाली. म्हटलं, थांब, शीटवर आहे. पत्रक कामी आलं, चहाचा कप ठेवायला काही नव्हतं.

१० जून
नंबर सतरा!
चौदाचा सतरा? रांग मागे सरकलेली मी सव्वीस वर्षांत पाहिली नाही. कॉलेजला फोन केला. बाई म्हणाल्या, यादी डायनॅमिक आहे. म्हणजे काय? म्हणजे बदलते. का बदलते? डायनॅमिक आहे ना, म्हणून. अशी उत्तरं मी स्वतः रोज शे-दीडशे लोकांना देतो, पण इतक्या सफाईनं नाही. मनातल्या मनात नमस्कार केला.
घाबरण्यासारखं काही नाही. लांब उडी मारायची तर माणूस आधी चार पावलं मागे जातोच. शीटमध्ये ‘मागची पावलं’ असा नवा कॉलम घातला.

१२ जून
प्राचार्यांना चार पानी पत्र लिहिलं. चौथ्या वर्षी ठकूने घराचं चित्र काढलं होतं, त्यात दाराला कडीसुद्धा होती, हे ठळक अक्षरांत. ही म्हणाली, पोरीची अब्रू घालवाल, पाठवू नका. बरं म्हटलं. तिचं अगदीच चूक नव्हतं.
दुपारी ३.४० ला पाठवलं.

१४ जून
ठकू पुन्हा आली. बाबा, एका फॉर्मवर पालकांची सही हवी, आजच. मी नेमका टक्केवारीत अडकलेला. म्हटलं, आईकडे जा, ती रिकामी आहे. ही दवाखान्यातली ड्यूटी संपवून दारात चपला काढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी शीटकडे पाहिलं.

१७ जून
सहा!! सतराचा थेट सहा!
कोण म्हणत होतं शीट खुळचट आहे? (ही. दोनदा.) प्राचार्यांनी पत्र वाचलं, दुसरं काय. ऑफिसात सगळ्या खिडक्यांना सांगितलं. खिडकी तीनला जरा मोठ्यांदा. येताना ड्रॉइंगचं मोठं टेबल घेतलं. दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही. म्हटलं, परत करतोय कोण!
टेबल ठकूच्या खोलीच्या दारातून आत जात नाही. तूर्त पॅसेजमध्ये. सगळे अंग चोरून जातात. ठकू टेबल पाहून तशीच अंग चोरून खोलीत गेली. आनंदाने वाचा बसली असणार.

१९ जून
सकाळी घाईत ठकूने विचारलं, बाबा, शनिवारी रजा मिळेल का? म्हटलं, उद्या यादी लागू दे, मग बघू. अलीकडे पोरगी फार अधीर झाली आहे. आईवर गेली आहे.

२० जून, दुपारी १२.१०
यादीत ठकूचं नावच नाही! म्हणजे आत!! सगळ्या ऑफिसला चहा.

१२.४५
फी कधी भरायची विचारायला फोन केला. त्याच बाई. म्हणाल्या, उमेदवाराने कालच अर्ज मागे घेतला आहे.
डायनॅमिक असेल, म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही, हे नक्की आहे.

संध्याकाळी
ठकू त्या छोट्या कॉलेजात जाते आहे. लाकडाचं काम, फर्निचर. चौदा तारखेचा फॉर्म त्याचाच होता. सही आईची. उद्या सकाळी निघायचं.
मी ओरडायला तोंड उघडलं, की मला कसं कुणी विचारलं नाही. ठकू शांतपणे म्हणाली, बाबा, तीन हाका मारल्या. माहितीपत्रक, सही, रजा. मग पुढचा. तुमचाच नियम आहे.
पत्रक पुढे ठेवलं. वसतिगृहाच्या फोटोवर माझ्या कपाचा गोल डाग.
यादीचं काही नाही. याचं फार वाईट वाटलं.

२१ जून, सकाळी ६.३०
गाडी ठकूच्या मामाची. पुढे मामा आणि ही. मागे ठकू, तिचं सामान आणि एक जागा. ती जागा तिच्याबरोबर जाणाऱ्या मैत्रिणीला दिली आहे. मैत्रिणीच्या वडिलांना रजा मिळाली तर ते तिला वेगळे नेतील आणि जागा मला. म्हणजे मी प्रतीक्षा यादीत आहे. पण पहिला नंबर!
साहेबांना न विचारता रजा टाकली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वडील लोकांना लेकीसाठी रजा मिळतेच. नवी शीट केली: शक्यता ऐंशी टक्के. इस्त्रीचा शर्ट, बूट घालून तयार.

७.१५
मैत्रीण आली. दोन बॅगा घेऊन. तिच्या वडिलांना रजा मिळाली नाही.

७.३०
गाडी निघाली. कोपऱ्यावर थांबली. काच खाली झाली आणि ठकूने हाक मारली. पहिल्या हाकेला धावलो. बुटांसकट, सगळ्या गल्लीसमोर.
फाटक उघडं राहिलंय, लावून घ्या, म्हणाली.
लावून घेतलं.