पहिला बाक

३ मार्च, सोमवार
पोहोचलो एकदाचे! चर्चच्या आवारात दोन खोल्या मिळाल्यात. मोठी खिडकी, नळाला भरपूर पाणी. ताईने आल्याआल्या झाडू हातात घेऊन मला रंध्यासकट बाहेर हाकललं. चोवीस बाक दुरुस्त करायचेत, महिनाभर निवांत काम. पाळकसाहेब मोठा गोड माणूस. मंडळीही प्रेमळ, फक्त भारी धांदरट दिसतात. बेकरीवाल्याच्या टाळूवर, मास्तरीणबाईंच्या मानेवर, ज्याच्या त्याच्या अंगावर जुना व्रण.

५ मार्च, बुधवार
पहिल्या बाकाच्या पाठीवर खोल घाव आहेत. इथे लाकडं फोडता की काय, अशी मी थट्टा केली. कोणी हसलं नाही.
संध्याकाळी पाळकसाहेबांनी पूर्वनियोजन समजावलं. कोणाला तारायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलंय, आपल्या पुण्याने त्यात तसूभर फरक पडत नाही. माझ्या डोक्यावरून गेलं. ताई मात्र रडायला लागली. तिचं तान्हं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. ते निवडलेल्यांत होतं का, ती स्वतः आहे का, हा विचार तिला खातोय.

९ मार्च, रविवार
उपासना संपल्यावर शिंपी पहिल्या बाकावर जाऊन बसला. खाटकाने मागून कुऱ्हाड घातली. डोकं फुटलं, रक्त माझ्या ताज्या पॉलिशवर उडालं. शिंप्याची बायको रडलीसुद्धा नाही. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, निवडलेला असता तर बेकरीवाल्यासारखा वाचला असता. मी अंगावर धावून गेलो. देवाने ठरवलेलं कुऱ्हाडीने बदलत नाही, मग घाव घालायला भ्यायचं कशाला, असं त्यांनी मलाच विचारलं.

११ मार्च, मंगळवार
ताईने पहिल्या बाकासाठी नाव दिलं. येत्या रविवारी. मी ओरडलो, पाया पडलो. न कळता जगण्यापेक्षा हे बरं, म्हणते. तिला ओढत फाटकापर्यंत नेलं, तिथे चौघांनी मला धरलं.

१४ मार्च, शुक्रवार
खाटकाला मारलं. भरदुपारी, त्याच्याच दुकानात. हातोडीने, तीन वेळा. कवटी पिचली तरी बोटं हलत होती. तोच नसला तर ताई वाचेल, एवढंच डोक्यात होतं.
कोणी पोलीस बोलावले नाहीत. त्यांनी माझे हात धुतले. बेकरीवाल्याने मिठी मारली. खाटकाची जागा जग घडण्याआधीपासून माझ्याच नावावर होती म्हणे.

१६ मार्च, रविवार
ताई जाऊन बसलीय. केस पुढे घेतलेत. दुसऱ्या कोणाचा नको, भावाचाच हात हवा, म्हणाली.
मी नाही म्हटलं तर लोहार तयार आहे — तो डोक्यातच घालणार.
खांद्यावर मारीन. हलक्या हाताने. खांद्याने माणूस मरत नाही —
बोलावतायत. कुऱ्हाड मांडीवर आणून ठेवलीय.
खांदाच. नेम खांद्यावर धरायचा — पण मी नेम कुठेही धरला तरी घाव कुठे पडायचा, हे जर आधीच —